पीएस४ला अर्धीच हार्डडिस्क देता येते का?

प्रश्न आर्णीकडच्या एका खेड्यातून आला आहे. थोडक्यात असा: नागपूरहून सेकंडहँड पीएस४ स्लिम (सोनीचा प्लेस्टेशन ४, टीव्हीला लावून गेम खेळायचं मशीन) आणला, आतली ५०० जीबी जागा भरली. घरात २ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क आहे. तिच्यात बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ, फोटो, बाबांच्या शेतीच्या कागदांचे स्कॅन, सगळं मिळून सहाशेक जीबी. लॅपटॉपवर डिस्कचे दोन भाग केले, एक घरचा, एक गेमचा. गेमचा भाग आधी एनटीएफएस करून पाहिला, मग एक्सफॅट (डिस्कवर फाईल मांडायच्या या दोन पद्धती, म्हणजेच फॉरमॅट). तरी पीएस४ म्हणतो की फॉरमॅट करावं लागेल आणि डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. तर कोणता फॉरमॅट द्यावा, पार्टिशन कसं पाडावं, म्हणजे दोन्ही एकाच डिस्कवर राहतील?

भाऊ, पहिली गोष्ट, त्या स्क्रीनवर पुढे जाऊ नका. पीएस४ जे सांगून राहिला ते शब्दशः खरं आहे. ‘सगळं’ म्हणजे गेमचा भाग नाही, सगळी डिस्क.

तुम्ही विचारताय फॉरमॅटचं, पण अडचण फॉरमॅटची नाहीच. गेम ठेवायला पीएस४ जी बाहेरची डिस्क वापरतो तिला तो एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणतो. ही सोय २०१७ साली ४.५० नंबरच्या सिस्टिम सॉफ्टवेअरबरोबर आली. त्यात तो एनटीएफएस बघत नाही, एक्सफॅट बघत नाही, तुमची पार्टिशनंही बघत नाही. डिस्क पूर्ण ताब्यात घेतो आणि स्वतःच्या पद्धतीने नव्याने मांडतो. तुम्ही शेतात धुरा टाकला, पण त्याने सातबारा काढून सगळा गटच आपल्या नावावर करून घेतला, असं समजा. त्यामुळे लॅपटॉपवर कितीही भाग पाडा, कितीही वेळा फॉरमॅट बदला, त्या स्क्रीनवरचं वाक्य बदलणार नाही.

व्हिडिओंमध्ये एक उलटी युक्ती सांगतात: आधी पीएस४कडून फॉरमॅट करून घ्या, मग लॅपटॉपला लावून उरलेली जागा वेगळी काढा. हे जमत नाही. पीएस४ने मांडलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही. तो तिला कोरी किंवा बिघडलेली समजतो आणि लगेच विचारतो, इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का? तिथे ‘हो’ म्हटलं की गेम गेले. माझ्या दुकानात अशा डिस्क येतात. पोरगं घरी नसताना कोणीतरी सिनेमा कॉपी करायला ती डिस्क लॅपटॉपला लावतं, चौकट उघडते, माणूस ‘ओके’ दाबून मोकळा होतो. म्हणून पीएस४ची डिस्क वेगळी झाली की तिच्यावर पांढऱ्या टेपची पट्टी लावून मार्करने मोठं लिहा: ‘पीएस४, लॅपटॉपला लावू नये’. घरातल्या सगळ्यांना कळेल असं लिहा.

मग एक्सफॅट, फॅट३२ याचा पीएस४शी संबंध काय? आहे, पण दुसऱ्या कामात. सेव्ह डेटाची (खेळात कुठवर पोहोचलात त्या नोंदीची) कॉपी, पूर्ण बॅकअप, गाणी-व्हिडिओ, सिस्टिम सॉफ्टवेअरची फाईल, यासाठी जो पेनड्राइव्ह किंवा डिस्क लावता ती एक्सफॅट किंवा फॅट३२ लागते. एनटीएफएस तो वाचत नाही. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, म्हणून मी एक्सफॅटच करून देतो, पार्टिशनचा प्रकार एमबीआर ठेवतो आणि एकच भाग पाडतो. क्लस्टरचा आकार विंडोज स्वतः सुचवेल तोच राहू द्या.

आता उपाय. तुमची २ टीबीची डिस्क आहे तशी राहू द्या, गेमसाठी दुसरी शोधा. नवीच घ्या असं मी म्हणत नाही. तालुक्याच्या कोणत्याही कॉम्प्युटरवाल्याकडे बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेल्या अडीच इंची डिस्क पडून असतात. लोक लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकून घेतात आणि जुनी हार्डडिस्क दुकानातच सोडून जातात. अशी ५०० जीबीची डिस्क आणि एक यूएसबी ३.० चं केसिंग (डिस्क आत बसवून यूएसबीला जोडायची डबी), एवढ्यात तुमचं काम होतं. पीएस४ची अट कमीत कमी २५० जीबी आणि जास्तीत जास्त ८ टीबी अशी आहे, म्हणजे ३२० जीबीचीही चालेल. पण २५० जीबीच्या आसपासची सापडली तर पैसे देण्याआधी आकडा नीट बघा.

केसिंग घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. यूएसबी २.० चं स्वस्त केसिंग दिसायला तसंच असतं, आणि पीएस४ ते एक्स्टेंडेड स्टोरेजसाठी घेतच नाही. यूएसबी ३.० च्या केसिंगचं डिस्ककडचं सॉकेट बहुतेक वेळा रुंद, दोन तुकडे जोडल्यासारखं असतं, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या आतली जीभ निळी असते. निळा रंग बघून गाफील राहू नका, नकली मालातही निळं प्लास्टिक घालतात. दुकानदाराला म्हणा, लॅपटॉपच्या ३.० पोर्टला लावून एक मोठी फाईल टाकून दाखव. सेकंदाला ७०-८० एमबीच्या वर वेग दिसला तर माल खरा. तीसपस्तीसवर अडकून बसला तर परत द्या.

जुनी डिस्क घेताना तिची तब्येतही बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडलं की निळा चौकोन आणि ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळा आणि ‘कॉशन’ दिसलं तर ती डिस्क कितीही स्वस्त मिळो, गेमसाठीही घेऊ नका, कारण अर्धा गेम कॉपी झाल्यावर ती अडकेल आणि तुम्ही दोष पीएस४ला द्याल. यापेक्षा जुनी तपासणी म्हणजे डिस्क कानाशी धरणे. सुरू होताना एक सरसर आवाज येतो, तो चांगला. टक्... टक्... असा ठराविक अंतराने येणारा आवाज म्हणजे हेड (डिस्क वाचणारा भाग) जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाही.

आणखी एक, राजेहो, ते ऑनलाइन आणि बाजारात दिसणारे ‘१६ टीबी एसएसडी’ हजार-दीड हजारात मिळतात ना, त्यांच्या नादी लागू नका. आत एक मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा सांगणारी चिप. भरलेल्या पहिल्या काही जीबीपर्यंत सगळं छान चालतं, पुढचा डेटा हवेत. संशय असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर डिस्क काठोकाठ भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, पण खोटं पकडतं.

दुसरी डिस्क अजिबात शक्य नसेल तर? मग उलटं करा, पण आधी तो सहाशे जीबी डेटा दुसरीकडे कुठे तरी पूर्ण बसवा. नातेवाइकाची डिस्क, दोन लॅपटॉप, काहीही. यूएसबी ३.० वर साधी हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक एमबी देते, म्हणजे सहाशे जीबीला पावणेदोन ते दोन तास. यूएसबी २.० वर तेच काम पाच तासांवर जाईल. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर लाइन गेली तरी कॉपी तुटणार नाही. डेस्कटॉपवर यूपीएस नसताना हे काम सुरू करू नका. कॉपी झाल्यावर फक्त फोल्डरचा आकार जुळवून थांबू नका. लग्नाचे दोनचार मोठे व्हिडिओ उघडून मध्येच पुढे ढकलून बघा, स्कॅन उघडून बघा. मगच मूळ डिस्क पीएस४च्या हाती द्या.

खरं तर, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, लग्नाचे व्हिडिओ आणि जमिनीचे कागद एकाच डिस्कवर आहेत हीच जास्त काळजीची बाब आहे. पार्टिशन पाडल्याने डेटा सुरक्षित होतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. विंडोज बिघडला, चुकून एक भाग फॉरमॅट झाला, एवढ्यापुरता तो खरा आहे. पण डिस्क हातातून पडली तर सी, डी, ई सगळे एकदम जातात. सातबारा आता डिजिटल सहीचा ऑनलाइन परत काढता येईल, जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्राचे स्कॅन परत करायला मूळ कागद तरी हातात हवेत. लग्नाचा व्हिडिओ तर वर्ष-दोन वर्षांनी फोटोवालाही ठेवत नाही.

आता गेमकडे येऊ. शहरातल्या पोराची डिस्क पुसली गेली तर तो रात्री डाउनलोडला लावून झोपतो आणि सकाळी खेळतो. आपल्याकडे तसं नाही. गावात फायबर आलं नसेल आणि मोबाइलचा दिवसाला २ जीबीचा पॅक असेल, तर ६० जीबीचा गेम उतरायला महिना. म्हणून आपल्यासाठी या डिस्कचं खरं काम वेगळं आहे. पीएस४ने फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या पीएस४लाही चालते. नागपूर, अमरावती, यवतमाळ, जिथे कुठे मित्राकडे पीएस४ आणि फायबर दोन्ही आहे, तिथे तुमची डिस्क घेऊन जा. त्याच्या मशीनवर तुमच्या अकाउंटने लॉगिन करा, तुमचे विकत घेतलेले गेम तुमच्या डिस्कवर उतरवा, अपडेटसकट, आणि घरी आणून लावा. मित्राच्या अकाउंटवर घेतलेला गेम तुमच्या अकाउंटने उघडणार नाही, हे लक्षात असू द्या.

सीडीवरचा गेम असला तरी पीएस४ तो डिस्कवर इन्स्टॉल करतोच, सीडी फक्त मालकी तपासायला लागते. म्हणून ‘सीडीचे गेम घेतले तर जागा वाचेल’ हे गणित चुकीचं आहे. डेटा पॅक मात्र वाचतो, बराच वाचतो. मी गावाकडच्या गिऱ्हाइकाला म्हणूनच सांगतो, सेकंडहँड सीडी घ्या, खेळून झाली की विका, आणि अपडेट शहरातल्या मित्राकडून वरच्या पद्धतीने आणा.

सिस्टिम सॉफ्टवेअरचं अपडेट मात्र पेनड्राइव्हवरही येतं. कंपनीच्या साइटवरून फाईल घ्या, एक्सफॅट पेनड्राइव्हवर ‘पीएस४’ नावाचं फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’ नावाचं फोल्डर, दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आणि आत ती फाईल. नावात एक स्पेस जास्त पडली तरी पीएस४ला फाईल सापडत नाही, आणि बहुतेक तक्रारी तेवढ्याच असतात.

प्रत्यक्ष फॉरमॅट करणं सोपं आहे. डिस्क थेट पीएस४च्या पुढच्या पोर्टमध्ये लावा. तुम्ही हबचं विचारलं नाही, पण विचाराल, म्हणून सांगतो: हबमधून चालत नाही. सेटिंग्ज, मग डिव्हाइसेस, मग यूएसबी स्टोरेज डिव्हाइसेस. तिथे डिस्कचं नाव आणि आकार दिसेल. इथे थांबून आकार वाचा. दोन डिस्क लावल्या असतील तर एक काढून ठेवा, म्हणजे चुकीची निवडायचा प्रश्नच नको. मग ‘फॉरमॅट ॲज एक्स्टेंडेड स्टोरेज’. मिनिटभरात काम होतं.

त्यानंतर नवे गेम आपोआप बाहेरच्या डिस्कवर जायला लागतात. ते नको असेल तर स्टोरेजच्या ऑप्शन्समध्ये इन्स्टॉलची जागा बदलता येते. जुने गेम आतून बाहेर हलवायचे असतील तर स्टोरेजमध्ये सिस्टिम स्टोरेज, ॲप्लिकेशन्स, आणि ऑप्शन्स बटण दाबून ‘मूव्ह’. सेव्ह डेटा मात्र आतच राहतो, बाहेर जात नाही. याचा फायदा असा की बाहेरची डिस्क मेली तर गेम जातो, पण तुम्ही कुठवर पोहोचला होता ते जात नाही. तरी सेव्हची कॉपी अधूनमधून एक्सफॅट पेनड्राइव्हवर काढत जा.

लाइनचा विषय आपल्याकडे टाळता येत नाही. व्होल्टेज पडलं तर पीएस४चा सप्लाय बऱ्यापैकी सहन करतो. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळे पडतात तरी तो चालू असतो. डिस्कला मारक आहे ते एकदम बंद होणं, त्यातही गेम कॉपी होत असताना. परत सुरू केल्यावर पीएस४ डिस्क तपासतो, दुरुस्त करतो, ती स्क्रीन दिसली तर घाबरू नका आणि ती चालू असताना केबल ओढू नका. इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर लाइन बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीएस४ बंद पडू शकतो. घरी इन्व्हर्टर नसेल तर रेस्ट मोड (मशीन पूर्ण बंद न करता झोपवणं) वापरू नका, त्यात डिस्क चालूच असते. रात्री पूर्ण शटडाउन करा. आणि चालू मशीनवरून डिस्क काढायची असेल तर पीएस बटण दाबून धरा, क्विक मेन्यू येईल, तिथून ‘स्टॉप यूझिंग एक्स्टेंडेड स्टोरेज’ करून मगच केबल काढा.

उन्हाळ्यात डिस्क पीएस४च्या वर ठेवू नका आणि मागेही नको, गरम हवा मागून निघते. बाजूला, उघड्यावर ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असतो तेव्हा टिनाच्या खोलीत दुपारी मोठे गेम कॉपी करायला बसू नका, सकाळी करा. कूलरसमोरही डिस्क ठेवू नका, ओलसर हवेने केसिंगमधल्या पिना गंजतात.

दुसरा रस्ताही आहे. स्लिमच्या आतली डिस्क घरी बदलता येते. मागच्या कोपऱ्यातलं प्लास्टिकचं झाकण सरकतं, एक स्क्रू काढला की ट्रे बाहेर येतो. साडेनऊ मिलिमीटर किंवा त्याहून कमी जाडीची अडीच इंची डिस्क बसते, एसएसडीही बसते आणि गेम उघडायला लागणारा वेळ कमी होतो. पण त्यासाठी सॉफ्टवेअरची पूर्ण इन्स्टॉलेशनची फाईल लागते, वर सांगितलेली अपडेटची छोटी फाईल चालत नाही, आणि ती जीबीच्या वर असते. आधी सेव्हचा बॅकअप घ्यावा लागतो आणि ट्रॉफी (गेममध्ये मिळवलेली बक्षिसं) ऑनलाइन सिंक कराव्या लागतात, कारण ट्रॉफी बॅकअपमध्ये येत नाहीत. हाताला स्क्रूड्रायव्हरची सवय असेल तर करा, नाहीतर बाहेरची डिस्कच बरी.

पार्टिशन कुठे चालतं हेही सांगून टाकतो, कारण खाली कोणीतरी ‘माझं तर चाललं’ लिहीलच. गेमिंग लॅपटॉपवर चालतं, एक भाग एनटीएफएस ठेवून त्यात गेम, दुसऱ्यात घरचा डेटा, काही अडत नाही. पीएस५ आणि एक्सबॉक्स दोन्ही पीएस४सारखेच, गेमसाठी पूर्ण डिस्क घेतात. पीएस५चे स्वतःचे गेम तर यूएसबी डिस्कवर फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत. त्यावरून पीएस४चे गेम खेळता येतात.

आणि हे वाचेपर्यंत कोणाच्या हातून बटण दाबलं गेलंच असेल, तर डिस्क लगेच काढा. तिच्यावर एकही गेम टाकू नका, लॅपटॉपवर परत फॉरमॅटही करू नका. एका मिनिटात झालेल्या फॉरमॅटमध्ये सहाशे जीबी खरोखर पुसले जात नाहीत. बहुतेक डेटा जागेवरच असतो, त्याचा पत्ता तेवढा हरवतो. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन्ही फुकट सॉफ्टवेअर आहेत. आधी टेस्टडिस्कने जुनं पार्टिशन सापडतं का बघा. सापडलं नाही तर फोटोरेक फाईल परत आणतं, पण फाईलींची नावं आणि फोल्डर येत नाहीत, आणि काढलेल्या फाईल ठेवायला दुसरी तेवढीच मोठी डिस्क लागते. नावं नसलेले हजारो फोटो लावत बसायला घरातलं कोणी तरी तयार ठेवा.

तुम्ही केसिंग घेतलंत की त्याच्या सॉकेटचा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.